चढावरचं पेट्रोल

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मुंगीने दादाच्या ट्रकचं बॉनेट उघडलं. ट्रक आदल्या संध्याकाळी दोरखंड बांधून खाली ओढत आणला होता. ड्रायव्हरकडचा दरवाजा आत चेपला होता, पाण्याच्या टाकीला मागून मोठा पोचा पडला होता, पण इंजिनावर साधा ओरखडा नव्हता. तेच तिला नको होतं. आत काहीतरी तुटलेलं, फुटलेलं दिसलं असतं तर तिच्या जिवाला बरं वाटलं असतं.

मुंगी ही दादाची धाकटी बहीण. अंगाने किरकोळ आणि दिवसभर काही ना काही ओढत, उचलत असायची, म्हणून लहानपणी दादानेच तिला हे नाव ठेवलं, आणि पुढे गॅरेजच्या पाटीवरही तेच चढलं. गॅरेज घराला लागूनच होतं. दादाचा ट्रक पेट्रोलवरचा, मुंगीहून वयाने मोठा. डोंगरावरच्या दवाखान्याची विहीर आटल्यापासून तिथे पाणी पोचवायचं काम दादाकडे होतं. वाटेतला पूल अरुंद आणि म्हातारा असल्यामुळे नव्या मोठ्या टँकरना त्यावरून सोडत नसत.

अपघाताच्या आदल्या दिवशी मुंगीने या ट्रकचा जुना कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोलात हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, काढून दुसरा बसवला होता. जुना पेट्रोल प्यायचा, काळा धूर ओकायचा, ट्रक उभा असला की कुरकुरत राहायचा. दुसरा तिने स्वतः पसंत केला होता. मोडीत निघालेल्या एका मोठ्या गाडीचा, हवा ओढायला दोन घसे असलेला, दमदार. पहिली फेरी मारून दादाने फोन केला, "वाऱ्यासारखा चढला गं. फक्त वरच्या वळणावर दोन गचके दिले." नवा आहे, बसेल जागेवर, असं ती म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर समोरून बस आली आणि दादाला थांबावं लागलं. बस गेली, त्याने अॅक्सिलरेटर दाबला आणि इंजिन खोकून बंद पडलं. इंजिन बंद पडलं की या ट्रकचा ब्रेक दगडासारखा होतो, उभं राहून दाबला तरी पुरता धरत नाही. पाण्याने भरलेला ट्रक मागे सरकायला लागला. एका अंगाला दरी होती, दुसऱ्या अंगाला डोंगर. दादाने स्टिअरिंग डोंगराकडे पिळलं. ट्रक कड्यावर आदळून थांबला आणि दादाच्या मांडीचं हाड मोडलं. ज्या दवाखान्याला तो पाणी पोचवायचा त्याच दवाखान्यात त्याला उचलून नेलं.

जीव वाचला, असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता. वहिनी मात्र काहीच म्हणत नव्हती. तिने या तीन दिवसांत मुंगीशी कामापुरते चार शब्द काढले असतील.

मुंगीने कार्बोरेटरचे चार नट सैल केले, तो दोन्ही हातांनी उचलला आणि टेबलावर फडक्यावर ठेवला. कचरा असेल, असं ती मनाशी घोकत होती. दादा कधीकधी पिंपातलं पेट्रोल भरतो, त्यातून गाळ आला असेल. गाळ निघाला तर प्रश्न मिटला. मग दोष कोणाचाच नाही.

तिने झाकण काढलं. पेट्रोल साठण्याची वाटी आरशासारखी स्वच्छ होती. पेट्रोल आत सोडणारी सुई मोकळी होती. दोन्ही जेट, म्हणजे ज्या बारीक भोकांतून इंजिनाला पेट्रोल जातं ती पितळी बोंडं, तिने उजेडासमोर धरली. दोन्हींतून पलीकडचं आभाळ दिसलं.

कचरा कुठेच नव्हता. मग तिने वाटीत ठरलेल्या उंचीपर्यंत पेट्रोल ओतलं, कार्बोरेटर एका फळीवर ठेवला, ट्रकमध्ये तो जसा बसवला होता त्याच दिशेने, आणि फळी पुढून उचलून चढाइतकी तिरकी केली.

वाटीतलं पेट्रोल मागच्या भिंतीला जाऊन टेकलं. दोन्ही जेट पुढच्या भिंतीपाशी होते, तेही कोरडे.

तिने फळी सपाट केली. जेट बुडाले. पुन्हा तिरकी केली. पुन्हा कोरडे.

आता तिला सगळं लख्ख आठवलं. त्या मोठ्या गाडीत वाटीची बाजू पुढे होती. या ट्रकवर तसं ठेवलं तर अॅक्सिलरेटरचा दांडा पोचत नव्हता, म्हणून तिने कार्बोरेटर फिरवून वाटी मागे केली होती. दोन दिवसांचं काम वाचलं होतं. सपाट रस्त्यावर काही फरक पडत नव्हता. धावत चढला तर हिंदकळून का होईना, थोडं पेट्रोल पोचत होतं. पण चढावर थांबून पुन्हा निघायचं म्हटलं की घसा कोरडा.

"सापडलं काही?"

वहिनी दारात उभी होती. ती शिवणकाम करायची. गळ्यात मापाची टेप तशीच होती, हातात फोन होता. ती कधीपासून उभी होती कोण जाणे.

कचरा होता, असं म्हटलं असतं तर वहिनीला काय कळणार होतं? गावात दुसऱ्या कोणालाही कळलं नसतं. मुंगीच्या जिभेच्या टोकावर ते शब्द आलेही होते.

"मी उलटा बसवला होता," ती म्हणाली. "चढावर पेट्रोल मागे जातं, इंजिनाला मिळत नाही. पेट्रोल चांगलं होतं. दादाचंही काही चुकलं नाही. माझं चुकलं."

वहिनीने फळीकडे पाहिलं, मग मुंगीकडे.

"दवाखान्यातून फोन होता," ती म्हणाली. "त्यांच्या टाकीत उद्या सकाळपुरतंच पाणी आहे. आज संध्याकाळपर्यंत पाणी पोचलं नाही तर उद्याचं ऑपरेशन होणार नाही. ह्यांना शहरात हलवायचं म्हणतायत. सहा तासांचा रस्ता."

"त्या पायाने?"

"त्या पायानेच. दुसरा कुठून आणतील?" वहिनी म्हणाली. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं आणि कोणी हसलंही नाही. "आता बोल. हा ट्रक आज चढेल का?"

मुंगीने घड्याळ पाहिलं. साडेनऊ.

तिच्यापुढे तीन वाटा होत्या. हाच कार्बोरेटर सरळ करून बसवायचा, तर अॅक्सिलरेटरचा सगळा जोड नव्याने घडवावा लागणार होता, दोन दिवसांचं काम. बाजारात नवा, नकली मिळत होता. तो तिने पूर्वी एकदा उघडून पाहिला होता. बाहेरून चकचकीत, आतली भोकं मात्र कोणी डोळे मिटून पाडल्यासारखी. आणि तिसरा होता जुना, मूळचा, एका घशाचा. तिने काढून पत्र्याच्या डब्यात टाकलेला.

तिने डबा ओढून टेबलावर ठेवला.

"हाच बसवते."

"हा खराब झाला म्हणून तर तू काढलास ना?"

"खराब झाला होता. धूर काढायचा, पेट्रोल ढोसायचा. पण वहिनी, एवढ्या वर्षांत चढावर हा कधी बंद पडला नाही. याची वाटी पुढे आहे. ज्यांनी हा ट्रक बनवला त्यांनी विचार केला होता. मी केला नाही."

वहिनीने टेप गळ्यातून काढली आणि खुंटीला अडकवली. "मला काय करता येईल ते सांग."

जुना कार्बोरेटर उघडल्यावर दोन मोठी दुखणी निघाली. पहिलं, हवा कमीजास्त सोडणारी थ्रॉटलची पट्टी ज्या सळईवर फिरते ती सळई झिजून खुळखुळी झाली होती आणि बाजूने फुकटची हवा आत ओढत होती. मुंगी ते धूड घेऊन शेजारच्या लेथवाल्या काकांकडे धावली. काकांनी भिंग लावून पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला.

"याला आता पेन्शन द्यायची, तर तू नोकरीवर पाठवतेयस."

"काका, सळईच्या भोकांत बसवायला दोन पितळी बुश हवेत. बारापर्यंत."

"बारा म्हणजे आजचे?"

"आजचे."

काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता हातातलं काम खाली ठेवलं.

दुसरं दुखणं फ्लोटचं होतं. वाटीत पेट्रोलवर तरंगणारा हा पितळी पोकळ डबा पेट्रोल पुरेसं झालं की वर उचलला जातो आणि सुई बंद करतो. मुंगीने तो कानाशी नेऊन हलवला. आत पेट्रोल डुचमळलं. डब्याला कुठेतरी भोक होतं, तो जड होऊन बुडत होता आणि वाटी भरून वाहत होती. काळा धूर त्याचाच होता.

तिने गरम पाण्याचं पातेलं मागवलं. वहिनीने आणून ठेवलं. फ्लोट पाण्यात बुडवताच एका सांध्यातून सुईच्या टोकाएवढा बुडबुडा निघाला, मग दुसरा.

"इथे." मुंगीने खिळ्याने खूण केली. "आता खालच्या बाजूला आणखी एक भोक पाडायचं, पेट्रोल निथळू द्यायचं, आणि मग दोन्ही सोल्डरने बुजवायची."

"मग थांबलीस कशाला?"

"आत थेंबभर जरी राहिलं आणि मी तापलेलं आयर्न लावलं, तर हातात फुटेल."

निथळायला वेळ लागला. मुंगी मिनिटामिनिटाला घड्याळ पाहत होती. थेंब संपले तेव्हा तिने फ्लोट पुन्हा गरम पाण्यात धरला, बाहेर काढला, फुंकला, वास घेतला. अजून वास होता. पुन्हा पाणी, पुन्हा फुंकर. तिचं स्वतःचं नाक पेट्रोलने बधिर झालं होतं.

"वहिनी, तू बघ."

वहिनीने फ्लोट नाकाशी धरला, डोळे मिटले. "आहे अजून."

चौथ्या वेळेला ती म्हणाली, "नाही आता." मग तिने पुन्हा हुंगलं. "नाही."

मुंगीने तिला दाराबाहेर उभं राहायला सांगितलं. ती गेली नाही. मुंगीने सोल्डरिंग आयर्न उचललं. तीन दिवसांत ती मिळून पाच तासही झोपली नव्हती आणि हात थरथरत होता. वहिनीने फडक्याची घडी करून फ्लोट त्यात धरला आणि आपले दोन्ही कोपर टेबलावर रोवले.

"मी धरते. तू फक्त लाव."

आयर्न टेकलं. चर्र असा आवाज झाला आणि मुंगीचे खांदे आपोआप आकसले. तो सोल्डर वितळल्याचा आवाज होता. शिसं भोकावर पसरलं, चकाकलं, मग फिकट पडलं. दुसरं भोकही बुजलं. मुंगीने जादा शिसं कानशीने घासून काढलं, कारण फ्लोट जड झाला तर केल्या कामावर पाणी पडणार होतं, आणि तो परत गरम पाण्यात बुडवला. दोघी वाकून पाहत होत्या. एकही बुडबुडा आला नाही.

बुश आले तोवर साडेबारा झाले होते. काकांनी ते स्वतः आणून ठोकून दिले आणि सळई फिरवून दाखवली. आता ती लोण्यातून फिरल्यासारखी फिरत होती. झाकणाखालचं पॅकिंग फाटलं होतं. मुंगीने पॅकिंगचा कागद पुढे केला तेव्हा वहिनीने जुन्याच्या कडेने पेन्सिल फिरवली, आपली कात्री आणली आणि आतली सात भोकं अशी कापली की मुंगीला एकही पुन्हा कोरावं लागलं नाही.

"बाह्यांपेक्षा सोपं आहे," वहिनी म्हणाली. "माप घेताना हा हात हलवत नाही."

फ्लोटची उंची मुंगीने तीनदा मोजली. पहिल्यांदा दोन रेघा जास्त निघाली. चिमट्याने फ्लोटची पितळी जीभ केसभर वाकवली. दुसऱ्यांदा बरोबर आली. तिसऱ्यांदा तिने वहिनीला मोजायला लावलं आणि स्वतः काय मोजलं ते सांगितलं नाही. वहिनीचा आकडा तोच आला.

मग तिने कार्बोरेटर ट्रकवर चढवला. चारही नट आवळले, वाटी कुठल्या बाजूला आहे ते बोटाने दाखवत मोठ्याने म्हणाली, "पुढे." वहिनीने पाहिलं आणि मान हलवली.

तीन वाजता इंजिन सुरू झालं. धूर नव्हता, कुरकुर नव्हती. अॅक्सिलरेटर सोडला की ते शहाण्यासारखं मंद व्हायचं, दाबला की उठायचं. पण गॅरेजची फरशी सपाट होती, आणि सपाटीवर तर तो दुसराही नीटच चालला होता.

पाणी भरून निघेपर्यंत चार वाजले. वहिनी चाकामागे लावायचा लाकडी ठोकळा घेऊन शेजारी चढून बसली. ठोकळा तिने मांडीवर घेतला होता.

"तू नको येऊस," मुंगी म्हणाली. "मुलांना कोण आहे?"

"आजीकडे आहेत. चल."

"वहिनी, मला खात्री नाही."

"म्हणूनच येतेय. हँडब्रेक या ट्रकचा किती धरतो ते मला माहीत आहे. थांबावं लागलं तर ठोकळा कोण लावणार?"

पूल ओलांडला. चढ सुरू झाला. मुंगीचे डोळे रस्त्यावर होते आणि सगळा जीव कानात. इंजिनाचा आवाज एकसारखा, जाड, खालच्या पट्टीतला. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणाआधी कड्यावर ओरबाडलेली माती दिसली आणि रस्त्यावर फुटलेल्या काचेचा चुरा. तिथेच मुंगीने गिअर खाली टाकला. न थांबता गेलं की झालं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

वळणावरून लाकडाने लादलेला एक टेम्पो खाली येत होता. त्याचा ड्रायव्हर हात बाहेर काढून थांबा म्हणत होता. दोघांना पुरेल एवढा रस्ता नव्हता.

मुंगीने ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला. ट्रक थांबला, मग हलकेच एक झोका मागे गेला.

वहिनीने दरवाजा उघडून उडी मारली होती. मागून लाकडावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला, आणि झोका थांबला.

टेम्पो इंच इंच पुढे सरकत आला. त्याच्या लाकडांची टोकं मुंगीच्या आरशाला घासून गेली. तिने ब्रेकवरचा पाय उचलला नाही. इंजिन चालू होतं. किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. टेम्पो गेला.

आता निघायचं होतं. ट्रक नाक वर करून उभा होता, त्या फळीसारखाच.

"वहिनी, बाजूला हो. दरीकडे नको, डोंगराकडे हो."

"झाले."

"निघाल्यावर मला थांबता येणार नाही."

"थांबू नकोस. मी येते चालत."

मुंगीने अॅक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज चढला आणि मध्येच ढासळला. सगळा ट्रक हादरला. पाय मागे घ्यावा असं अंगातला प्रत्येक स्नायू सांगत होता. तिने तो घेतला नाही. अर्धा श्वास जाईल एवढा वेळ काहीच झालं नाही. मग इंजिनाने एक खोल घोट घेतल्यासारखं केलं, आवाज भरला, तिने क्लच सोडला, हँडब्रेक खाली टाकला आणि ट्रक ठोकळा सोडून पुढे सरकला. एक हात. दोन हात. वळण मागे पडलं.

आरशात वहिनी दिसली, कड्याला पाठ लावून उभी. मग तिने वाकून ठोकळा उचलला, काखोटीला मारला आणि चढ चढायला लागली. ती लहान लहान होत गेली.

वर सपाट जागा लागली तिथे मुंगीने ट्रक उभा केला, पण इंजिन बंद केलं नाही. खाली उतरून ती रस्त्याच्या कडेला बसली आणि तिला उलटी झाली. वीस मिनिटांनी वहिनी घामाने भिजून आली. तिने तोंड धुवायला टाकीच्या नळातून ओंजळभर पाणी काढून मुंगीला दिलं. मग दोघी आत बसल्या.

दवाखान्याच्या टाकीत पाणी उतरवून दोघी दादाकडे गेल्या तेव्हा त्याच्या पायाला वजन टांगलेलं होतं. मुंगीने उभ्याउभ्याच त्याला सगळं सांगितलं, काही न वगळता. दादा छताकडे बघत ऐकत होता.

"मी विचारलं होतं तुला," तो म्हणाला. "बसवत होतीस तेव्हा. हा असा फिरवून का लावतेस म्हणून. तू म्हणालीस, चालतं रे."

मुंगीला हे अजिबात आठवत नव्हतं. तिने खूप आठवून पाहिलं, आणि आठवत नाही याचीच तिला जास्त लाज वाटली.

"मी म्हणाले असेन," ती म्हणाली.

"म्हणालीस." दादाने डोळे मिटले. "मला आता राग येतोय. उद्या भूल उतरल्यावरही येईल बहुतेक. तू पाणी आणत राहा."

"आणेन."

"आणि कोणी काही विचारलं की हात थांबवत जा. माझ्यासारख्या अडाण्याने विचारलं तरी."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. पाय बरा झाला, पण बोटभर आखूड राहिला. दादाचा राग दोन महिने टिकला. मुंगी दवाखान्यात गेली की तो पाण्याचं विचारायचा, बाकी काही नाही. मग एके दिवशी त्याने स्वतःहून विचारलं, की इंजिन वळणावर मध्येच ढासळतं ते कशामुळे, आणि ती पलंगाच्या कडेला बसून तासभर त्याला समजावत राहिली. वहिनीने तिकडे बिलकूल लक्ष दिलं नाही. ती खिडकीपाशी दादाच्या पँटचा एक पाय बोटभर आखूड करत बसली होती.